गोल कापलेले कोपरे

३ फेब्रुवारी

सिस्टरच्या गच्चीत बसलो होतो, तिघेच. आमचं मंडळ म्हणावं तर एवढंच. सिस्टर दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. दवाखाना सुटला, नाव सुटलं नाही. दुसरा क्लच. तो बस चालवतो आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ क्लचमध्ये शोधतो. तिसरा मी, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारा. या वयात फिल्मचा कॅमेरा कशाला, असं कुणी विचारलं तर तिघांची तीन उत्तरं येतील. माझं एवढंच, की काढलेलं चित्र लगेच दिसत नाही, वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणं मला जमतं.

रंगीत फिल्म धुणारी लॅब आता एकच उरली आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पुरेशी रिळं जमेपर्यंत लॅबवाला मशीन सुरू करत नाही, आणि रीळ परत येतं ते लांबच लांब ओरखडे घेऊन. म्हणून आम्ही घरीच धुतो. पण आम्ही वापरायचो तो रसायनांचा संच बाजारातून गेला. क्लचने परवा कुठून तरी शेवटचा मिळवला, त्यातला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, काळ्या चहासारखा, पार मेलेला निघाला.

तेव्हा ठरलं, की नवा संच निवडायचा. एकाने सगळे तपासायचे, त्याने सांगायचं, तिघांनी तोच घ्यायचा. कुणी तपासायचे यावर चर्चा झालीच नाही. क्लच म्हणाला, "तुम्हीच. तुम्हाला थाप मारता येत नाही, त्यात आमचा फायदा."

मला बरं वाटलं. असं बरं वाटून घेणं बरं नव्हे, पण वाटलं खरं.

६ फेब्रुवारी

संच तीन. एक दुकानात मिळतो तो पावडरचा. दुसरा बाटल्यांचा, महाग, पण त्यात ब्लीच वेगळं आणि फिक्सर वेगळा, बाकीच्यांत दोन्ही एकत्रच. तिसरा आमच्या बारक्याचा.

बारक्या हिचा धाकटा भाऊ. सासूबाई गेल्या तेव्हा तो रांगत होता. हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, आणि लग्न होऊन ही इकडे आली तेव्हा मागोमाग तोही आला. आता तिशी उलटली. मोबाइलची कव्हरं झाली, शोभेचे मासे झाले, अळंबी झाली. त्याच्या प्रत्येक धंद्याची सुरुवात देखणी असते. आता पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन तो रसायनं तोलतो आणि बाटल्या भरतो. "दाजी, तुमचे हाल बघूनच सुचलं," म्हणाला. खोटं कशाला लिहू, मला भरून आलं.

तपासणीसाठी खिडकीजवळच्या टेबलावर हिचे लोकरीचे सात रंगांचे गुंडे मांडले आणि मागे माझी शाळेतली पाटी उभी केली. गावाहून ट्रंकेत आली ती राहिली. पुसून पुसून ती आता करडी झाली आहे. रसायनात खोट असेल तर करड्यात आधी दिसते. तो लगेच निळा तरी पडतो नाही तर गुलाबी. एकाच उजेडात चार रिळं पूर्ण काढली, सगळी याच गुंड्यांची. तीन संचांना तीन, चौथं अडीनडीला. ते फ्रीजच्या दारात ठेवलं.

ही म्हणाली, "माणसांचे काढले असते तर माणसं तरी खूश झाली असती."

९ फेब्रुवारी

पावडरचा संच आज केला. काळ्या पिशवीत हात घालून रीळ उघडायचं, फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने गोल कापायचे आणि मग ती चाचपत टाकीतल्या चकरीवर चढवायची. कोपरे टोकदार राहिले तर ती मध्येच अडकते आणि हट्टाला पेटते. चढली की टाकीचं झाकण लावायचं. त्यानंतर आत काय चाललंय हे उघडून पाहता येत नाही. उजेड लागला की सगळं गेलं. डेव्हलपर ओतताना मी दर वेळी मनातल्या मनात देवाचं नाव घेतो. अडतीस अंशाला ठेवायला थर्मामीटर आहे, बाकीच्याला तो आहे.

पावडर नीट विरघळेना. बाटलीच्या तळाशी कण राहिले आणि ते फिल्मवर बसले. करडी पाटी निळी पडली. हा संच नको.

१२ फेब्रुवारी

बाटल्यांचा संच उत्तम. पाटी पाटीसारखी आली. पण महाग, आणि बाटली एकदा उघडली की हवा लागून डेव्हलपर तपकिरी होऊ लागतो. आमच्यासारख्या महिन्याकाठी एखादं रीळ धुणाऱ्यांना तो परवडायचा नाही. निम्मा उरला आहे. तो मीच संपवीन.

१५ फेब्रुवारी

बारक्या आज संध्याकाळी येऊन रीळ घेऊन गेला. त्याचं म्हणणं, पहिल्या खेपेला तो त्याच्याच खोलीत धुईल. द्रावण बनवल्या बनवल्या वापरलं तर त्याचा खरा गुण दिसतो. माझ्या मनात आलं, की जो संच गल्ली ओलांडून येईपर्यंत टिकत नाही तो क्लचच्या घरी काय टिकणार. मी तसं बोलणार होतो, पण ही आतून म्हणाली, "त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या ना. सगळ्यांनी तुमच्यासारखंच करायला पाहिजे का?"

तिचं बरोबर आहे. माझ्यात हा दोष आहेच, दुसऱ्याच्या हातावर मन बसत नाही. दिलं रीळ.

१९ फेब्रुवारी

बारक्याचा पत्ता नाही. ही दुपारी त्याच्याकडे जाऊन आली. विचारलं तर म्हणाली, कामात आहे. जेवताना गप्प होती. डोकं दुखतंय म्हणाली.

२१ फेब्रुवारी

पावडरचा संच गाळून घेऊन पुन्हा एकदा करून पाहावा, उगाच कुणावर अन्याय नको, म्हणून चौथं रीळ काढायला गेलो तर फ्रीजच्या दारात नाही. सगळं घर पालथं घातलं. हिला विचारलं. म्हणाली, "तुम्हीच कुठे तरी ठेवलं असेल. परवा चष्मा कपाळावर ठेवून शोधत होता." दुसऱ्यांना चष्मे देणारा मी, आम्ही दोघं हसलो. वय होतंय हे खरं.

२३ फेब्रुवारी

बारक्या निगेटिव्ह घेऊन आला. पाहत राहिलो. सातही रंग जागच्या जागी, आणि पाटी अशी करडी की आता खडू घेऊन उजळणी लिहावी. महाग संचापेक्षा रेसभर सरस.

मला नवल वाटलं ते फिल्मच्या टोकाचं. टोक पट्टी लावून कापल्यासारखं सरळ, कोपरे न कापलेले. कोपरे गोल केल्याशिवाय चकरीवर चढवणं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही, आणि या पोराने पहिल्याच झटक्यात चढवली. टोकाला थोडा चिकटपट्टीचा चिकटपणा आहे. वाळायला भिंतीला चिकटवली असेल, कारण माझ्या फिल्मवर कपड्यांच्या चिमट्याचे दात उमटतात, तसे याच्यावर नाहीत. फक्त एक बारीक ओरखडा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हटलं, ओल्या फिल्मवरून बोट फिरवत जाऊ नकोस. तो म्हणाला, "लक्षात ठेवतो, दाजी."

हिने त्याला पोटभर जेवू घातलं. मला म्हणाली, "आता सांगून टाका तुमच्या लोकांना." रात्री देवापुढे डोळे मिटून बसलो तेव्हा त्याच्यासाठी आपोआप हात जोडले गेले. एकदाचा मार्गाला लागला.

२४ फेब्रुवारी

गच्चीत सांगितलं. सिस्टरनी विचारलं, "खात्रीने सांगता?" मी म्हणालो, "मी पाहिलंय." दोघांनीही तिथल्या तिथे बारक्याचे दोन-दोन संच सांगितले. एक माझ्यासाठीही त्याने आणून दिला आहे, तो कपाटात ठेवला. उघडलेलं आधी संपवायचं आणि मग नवं काढायचं, ही आमच्या घरची शिस्त.

१० मार्च

क्लचचं रीळ बिघडलं. त्याची मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली, तिला पोचवायला गेले तेव्हाचं. निगेटिव्ह काजळी धरलेल्या काचेसारखी, गढूळ आणि काळपट. मोबाइलने फोटो काढून त्याचे रंग उलटे केले तर सगळी माणसं धुक्यात उभी.

मी विचारलं, तापमान पाहिलं होतं का. तो म्हणाला, अडतीसच होतं, दोनदा पाहिलं. मी म्हटलं, मग थर्मामीटर तपासा. आणि वर हेही म्हणालो, की मुलगी जाण्याच्या गडबडीत मन थाऱ्यावर नसेल, अशा वेळी धुवायला बसू नये.

त्याने निगेटिव्ह गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "असेल. गाडी वेळेवर काढायची सवय लागलेली, हात घाई करतो." एरवी क्लचला दोष देणाऱ्या माणसाने आज स्वतःला दिला.

सिस्टरचं रीळ अजून धुवायचं आहे.

१३ मार्च

भांडी घासता घासता हिने विचारलं, एकदा बिघडलेली फिल्म पुन्हा नीट करता येते का. माझ्या छंदात तिने असा रस घेतल्याला किती तरी वर्षं झाली. मी सगळं समजावून सांगितलं, की डेव्हलपर मेलेला असेल तर चित्र उमटतच नाही, ते गेलं ते गेलंच; ब्लीच कमकुवत असेल तर चित्र असतं, पण आतली चांदी निघून जात नाही आणि रंगावर काळोख धरून बसते. ती चांदी पुन्हा काढता येते, अगदी लख्ख उजेडातसुद्धा.

"म्हणजे सगळंच जात नाही," ती म्हणाली.

म्हटलं, सगळं नाही जात. ती पुन्हा भांड्यांकडे वळली. बोलायला लागलो की मी लांबण लावतो, तरी आज तिने ऐकून घेतलं.

१९ मार्च

सिस्टर दुकानात आल्या. त्यांनी कधी काउंटर ओलांडला नाही, आज थेट मागच्या खोलीत आल्या आणि फिल्म माझ्यापुढे ठेवली. कोरी. काही नाही, नुसता फिकट रंगाचा पट्टा.

ज्या वॉर्डात त्यांनी उभी नोकरी काढली तो पाडायला घेतला होता. पाडायच्या आदल्या दिवशी परवानगी काढून त्या आत गेल्या आणि एक रीळ पूर्ण काढलं: भिंतींचा हिरवा रंग, खाटांच्या पायांनी फरशीला पडलेले खड्डे, औषधांच्या कपाटामागचा कॅलेंडरचा खिळा. आता तिथे मातीचा ढीग आहे.

मी म्हणालो, कॅमेऱ्यात रीळ पुढे सरकलंच नसेल, असं होतं कधी कधी. त्यांनी फिल्मची कड माझ्या दिव्याखाली धरली. "मग कडेचे आकडे कुठे गेले? ते तर कारखान्यातूनच येतात ना? फोटो काढा की नका काढू, धुतल्यावर दिसायलाच पाहिजेत."

त्यांचं बरोबर होतं. आकडे नाहीत म्हणजे डेव्हलपरनेच काम केलेलं नाही. मी म्हटलं, बारक्याला विचारतो. त्या फिल्म तशीच ठेवून गेल्या.

२० मार्च

बारक्याकडे गेलो. तो म्हणाला, पाण्याचा दोष. सिस्टरच्या इमारतीत टाकीचं पाणी जड येतं. मी म्हटलं, क्लचकडे नळाचं पाणी आहे. तर म्हणाला, "मग त्याच्याकडे नळाचा दोष." हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू तोंडातच कडू झालं. तरी मनाला बजावलं, की आपण स्वतः निगेटिव्ह पाहिली आहे. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल?

२६ मार्च

लिहायचं की नाही, असं आज पहिल्यांदा वाटलं.

दुपारी लॅबवाला दुकानात आला होता. आमच्या दुकानातून त्याने वाचायचा चष्मा नेला होता, त्याची दांडी सैल झाली होती. मी ती आवळत होतो आणि तो स्टुलावर बसून गप्पा मारत होता. धंदा बसलाय, पण गंमती घडतात म्हणाला. "मागच्या महिन्यात एक जण रीळ घेऊन आला. लवकर पाहिजे म्हणून पाय धरायचा बाकी राहिला. धुऊन बघतो तर छत्तीसच्या छत्तीस फोटो लोकरीच्या गुंड्यांचे. मागे एक पाटी. मी बायकोला म्हटलं, त्याच्या घरी मांजर शाळेत जात असणार."

मी विचारलं, तुम्ही फिल्म मशीनला कशी लावता. मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो म्हणाला, टोक सरळ कापायचं आणि चिकटपट्टीने पुढच्या पट्टीला जोडायचं.

दांडी मी जरा जास्तच आवळली. परत सैल करून दिली.

मी एकही काच तपासल्याशिवाय दुकानाबाहेर सोडत नाही. खिडकीच्या गजांकडे धरतो, गज वाकडा दिसला तर पुन्हा घासायला घेतो. आणि इथे सरळ टोक, चिकटपट्टी, ओरखडा, सगळं माझ्याच हातात होतं, मी ते दिव्यापाशी धरून पाहिलं आणि पोराच्या हाताचं कौतुक केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी क्लचला दिली.

पण घरी येताना मला बारक्याचा विचार येत नव्हता. गुंड्यांचे ते छत्तीस फोटो कुठल्या रिळाचे, मी त्याला दिलेल्या की फ्रीजमधून गेलेल्या, एवढाच विचार होता.

२७ मार्च

काल रात्री विचारलं नाही. आज सकाळी प्रार्थना झाल्यावर विचारलं. ही खिडकीत बसून लोकर गुंडाळत होती. तेच गुंडे. आवाज न चढवता विचारलं, "चौथं रीळ फ्रीजमधून कुणी काढलं?"

तिने विचार करण्याचं नाटक केलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं. म्हणाली, "मीच दिलं."

मग सगळं सांगितलं. पहिलं रीळ बारक्याने स्वतःच्याच रसायनात धुतलं, ते काळं निघालं. ही त्याच्या खोलीवर गेली तेव्हा तो बाटल्या फोडायला निघाला होता. पोरगं पुन्हा खचणार, या भीतीने तिनेच त्याला चौथं रीळ नेऊन दिलं. लॅबचा मार्ग त्याने शोधला. पुढची खेप सुधारली की कुणाला कळणारही नाही, असं दोघांचं ठरलं. पुढची खेप आधीच्यापेक्षा वाईट निघाली.

मी म्हटलं, माझ्या शब्दावर दोन माणसांनी आपली रिळं घातली. ती म्हणाली, "ती तुमची माणसं. हा माझा माणूस आहे."

"आणि मी?"

तिच्या हातातली लोकर थांबली. म्हणाली, "तुम्ही समजून घ्याल असं वाटलं."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक असावं. दुकानात जायला निघालो तर चपला उलट्या पायांत घातल्या होत्या.

२८ मार्च

बारक्याची खोली. त्याने आधी विनोद करून पाहिला, मग ताईने उगाच घाबरून सांगितलं म्हणाला, मग बाटल्या नीट लावू लागला. मी त्याला एवढंच म्हटलं, की संच वाईट होता हे येऊन सांगितलं असतंस तर मी तुझ्याबरोबर बसून दहा वेळा करून पाहिलं असतं.

तो म्हणाला, "दाजी, तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणी घेणार नव्हतं. आणि तुम्ही तरी कुठे वापरलात? महिना झाला, बाटली तुमच्या कपाटातच आहे."

उंटावरून शेळ्या हाकल्या. जो संच मी दोघांना घ्यायला सांगितला त्याचं बूचसुद्धा मी उघडलेलं नाही.

निघताना त्याने दार लावून घेतलं. एरवी तो जिन्यापर्यंत येतो.

२९ मार्च

हिचं म्हणणं असं: रविवारी गच्चीत सांगायचं, की माझ्याच तपासणीत चूक झाली. "तुमचं नाव मोठं आहे. एका चुकीने जाणार नाही. त्याचं एकदा गेलं की गेलंच."

यात खोट काढता येत नाही, हे सगळ्यात वाईट. आपलेच दात, आपलेच ओठ. चूक माझी झाली हेही खरंच आहे, म्हणजे ते म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं बोलायला जीभ किती सहज तयार होते ते आज कळलं. देवापुढे बसलो, पण काही मागता आलं नाही. काय मागायचं तेच ठरेना.

३० मार्च

क्लचच्या स्टँडवर जाऊन त्याचं बिघडलेलं रीळ मागून आणलं. कशाला ते सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

महाग संचातलं वेगळं ब्लीच उरलं होतं. दुपारी, खिडकी उघडी ठेवून, फिल्म पुन्हा त्यात घातली, मग फिक्सरमध्ये, मग भरपूर पाण्यात. काळोख हळूहळू सुटत गेला. वर काढली तेव्हा फिल्म पारदर्शक झाली होती आणि आत रंग होते. सगळा वेळ तिथेच होते. मोबाइलवर उलटं करून पाहिलं: मुलगी काचेच्या दारापाशी, पिवळं जाकीट, बापाकडे वळून काहीतरी सांगते आहे, बहुतेक ओरडून.

सिस्टरची फिल्म शेजारी ठेवली होती. तिच्यात काढण्यासारखं काहीच नाही.

ही दारातून पाहत होती. म्हणाली, "झालं की नीट. आता तर सांगायची गरज नाही ना?"

३१ मार्च

सांगितलं. जसं झालं तसं. हिचं रीळ देणं तेवढं गाळलं. म्हणजे पूर्ण खरं मीही बोललो नाही.

क्लचने निगेटिव्ह उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली आणली नाही. मग म्हणाला, "तरी मी म्हणत होतो थर्मामीटर बरोबर आहे." एवढंच. मी त्याची माफी मागितली, तर त्याने हात असा हलवला की मागच्या गाडीला पुढे जा म्हणतोय.

सिस्टर शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मेव्हण्याचं सोडा. त्याला मी ओळखत नाही. तुम्ही म्हणाला होतात, मी पाहिलंय. काय पाहिलं होतंत?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी माझं माझं बघून घेईन." चहा नेहमीसारखा दिला. कपात साखर होती, मला साखर चालत नाही हे त्यांना पाठ आहे. विसरल्या असतील. मी प्यायलो.

४ एप्रिल

ही माहेरी जावं तशी भावाकडे गेली आहे. पलीकडच्या गल्लीतच, पण डबा ठेवून गेली. बारक्या बाटल्या विकून टाकणार आहे म्हणे, आता काचेच्या बरण्यांत झाडं लावण्याचं काही तरी डोक्यात आहे. सुरुवात देखणी असणार.

कपाटातला त्याचा संच आज उघडला. डेव्हलपर गडद तपकिरी. बाटली निम्मीच भरलेली, वर सगळी हवा. बूच उघडून नुसतं पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

८ एप्रिल

ही परत आली. भाजी निवडताना एकदा म्हणाली, "तो माझ्याशीही बोलत नाही. म्हणतो, तूच सांगितलंस." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण जवळ जाऊन बसावं असं वाटलं नाही, आणि बसलोही नाही.

१४ एप्रिल

दुसऱ्या एका कारखान्याचा बाटल्यांचा संच मिळाला, लहान बाटल्यांत, म्हणजे उघडलेली लगेच संपते. मंडळासाठी नाही, मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्यापुरताच.

टेबल खिडकीजवळ ओढलं, पाटी ठेवली. गुंडे मागायचे कसे, या विचारात होतो, तर हिने आपणहून आणून मांडले, त्याच क्रमाने. निळा थोडा लहान झाला आहे. रीळ काढून झालं तेव्हा ती म्हणाली, "मला दाखवा ना, आत कसं चढवतात ते."

जुन्या वाया गेलेल्या फिल्मवर उजेडात दोनदा करून दाखवलं. सिस्टरचीच ती कोरी फिल्म. त्यांनी परत मागितली नाही. कोपरे कसे गोल कापायचे, टोक कसं चाचपायचं, अडकली तर जोर न करता मागे कशी घ्यायची. तिचे हात लोकरीला सरावलेले, लगेच समजलं. मग खरं रीळ, कात्री, चकरी आणि टाकी काळ्या पिशवीत घातली. तिने पिशवीच्या बाह्यांत हात घातले आणि डोळे मिटून घेतले. मीही असाच डोळे मिटतो. अंधार असतो पिशवीत, पण डोळे आपोआप मिटतात. ओठ हलत होते. काय म्हणत होती कुणास ठाऊक.

बऱ्याच वेळाने झाकण लागल्याचा आवाज आला. टाकी बाहेर काढून तिने माझ्या हातात दिली. "चढली नीट," म्हणाली.

पाणी अडतीसवर आलं होतं. डेव्हलपरची बाटली गरम पाण्यात तयार होती. मी टाकी हातात धरून उभा राहिलो. ती माझ्याकडे पाहत होती.

मी टाकी पुन्हा पिशवीत घातली, बाह्यांत हात घातले, झाकण काढलं आणि चकरीवरून बोट फिरवलं. फिल्म एकसारखी चढली होती, कुठे दुमडलेली नाही, कुठे चिकटलेली नाही. तळाशी कापलेले तुकडे सापडले. दोन. तिने दोन्ही कोपरे गोल कापले होते.

झाकण लावलं, हात बाहेर काढले. ती तोवर गुंडे गोळा करून आत गेली होती.

पाटी आज बरोबर करडी आली आहे.